हप्त्यांची वही

वालपराईसोच्या या चढावर
डॉक्टर इबाकाचे यांचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या,
एक वजनकाटा
आणि माझी वही, निळ्या पुठ्ठ्याची.
माणसांच्या नावाने नाही मांडत मी उधारी,
जनावरांच्या नावाने मांडते.
पेलूसा, बाकी चार हजार.
कानेला, बाकी नऊ.
माणसं रस्त्यात तोंड चुकवतात.
कुत्री मात्र भर बाजारात ओळखतात मला
आणि मालकाला ओढत आणतात माझ्यापुढे,
कारण खिशात शिळा पाव असतो.

सुनिल्दा आली ती एका मंगळवारी.
हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते,
मनगटावर जुन्या भाजल्याचे चट्टे.
हातात दोर, दोराला तुएर्का.
तुएर्का म्हणजे नट, बोल्टावर बसतो तो.
गॅरेजच्या भंगारात सापडली होती, म्हणून.

उंबऱ्यावरूनच विचारलं तिने,
नुसतं बघायचे किती?
सुई टोचली तर?
मग जरा थांबून,
आणि कापायचं झालं, तर?

मला आवडतात अशी माणसं.
आधी पप्प्या घेणारी
आणि बिल पाहिल्यावर 'देवाची मर्जी' म्हणणारी
पुष्कळ पाहिली या खुर्चीवरून.

तिच्या पिशवीत बिस्किटांचा डबा होता.
कुत्री घरी आली त्या आठवड्यापासून
दर शनिवारी त्यात एक नाणं.
नाण्याची ओढाताण असेल त्या आठवड्यात
बस नाही, पायऱ्या.
तीनशे बारा, दिवसभर उभं राहिलेल्या पायांनी.
टेबलावर ओतताना खणखणाट झाला
तर ओशाळली, जणू कोणी झोपलं होतं.

घुंगरांचा पट्टा कधी घेतला नाही.
थंडीचं अंगडं शिवलं हॉटेलच्या फाटक्या ब्लँकेटचं.
खाण्याचं पोतं शेजारच्या ओर्लांदोबरोबर अर्धं-अर्धं,
भाजीच्या काट्यावर तोलून.
पण नसबंदीची फुकट गाडी चौकात आली
तेव्हा पहाटे चारला रांगेत पहिली हीच,
कुत्री उपाशी, ही पण उपाशी.
"ती बघत असताना मी कशी खाऊ?"

डॉक्टरांनी पोट चाचपलं. गाठ.
आकडा सांगितला.
डबा निम्म्यालाही पुरत नव्हता.
तिने आधी विचारलं, हप्ते किती पाडाल,
मग रडली.
या क्रमाबद्दल मी अजून विचार करते.

तुएर्का वाचली. अकरा हप्ते.
सातवा दोन दिवस उशिरा आला,
तेव्हा सोबत माफीची चिठ्ठी होती, इस्त्री केल्यासारखी सरळ.

शेवटच्या हप्त्याच्या दिवशी
दाराशी कोणीतरी खोकं ठेवून गेलं होतं,
आत तीन पिल्लं.
सगळ्यांनी सुनिल्दाकडेच पाहिलं.
तिने एक उचललं, टाळू हुंगली,
गळ्याशी धरलं, फार वेळ.
आणि परत ठेवलं.
"नाही. माझ्या डब्यात एकाच कुत्रीची जागा आहे."

पण गेली नाही.
दुपारभर बाकावर बसून राहिली,
येईल त्याला अडवून विचारत,
घर आहे हे दिसतंय, डबा आहे का?
एका गोड बोलणाऱ्या साहेबाला तिने हात हलवत परत पाठवलं.
बेकरीवाल्या जोडप्याला एक दिलं,
बंदरावरच्या पहारेकऱ्याला एक.

दिवे लागले. एक उरलं.
माझ्या चपलेवर झोपलेलं.
तिने माझ्याकडे पाहिलं.
"आणि तुझा?"

सोळा वर्षं दुसऱ्यांच्या बाक्या लिहिल्या मी.
माझा डबा नव्हता.

तिने स्वतःचा दिला नाही,
तुएर्काचे दात आता पिवळे पडायला लागलेत.
मीच टाचण्यांचा डबा टेबलावर उपडा केला
आणि खिसे चाचपले. पावाचा चुरा,
चुऱ्यात एक नाणं.

ते पत्र्यावर पडलं
तेव्हा पिल्लू दचकून उठलं.